सोन्याचे कण, रक्ताचा थेंब आणि मेंदूचे आजार

मेंदूच्या पेशी झिजण्याचे आजार रक्तातून ओळखणाऱ्या नॅनोसेन्सरवरचा मागच्या अंकातला लेख वाचून बरेच प्रश्न आले. काही प्रश्न प्रयोगशाळेत हात घालून बसलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत, तर काही घरात विस्मरणाचा रुग्ण असलेल्यांचे. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : साखर तपासायची पट्टी घरोघरी आहे. मग अल्झायमरसाठी तशीच पट्टी का निघत नाही? आणि नॅनोकण नेमकं करतात तरी काय?

मुख्य अडचण प्रमाणाची आहे. एक मिलिलिटर रक्तात साखर साधारण १ मिलिग्रॅम असते. अल्झायमरसाठी आज सगळ्यात भरवशाची ठरलेली रक्तातली खूण म्हणजे २१७ क्रमांकाच्या जागेवर फॉस्फेट चिकटलेलं टाऊ प्रथिन, पी-टाऊ २१७. ते एक मिलिलिटर प्लाझ्मात (पेशी काढून टाकलेल्या रक्ताच्या द्रवात) एका पिकोग्रॅमपेक्षाही कमी असतं. समजा ०.४ पिकोग्रॅम आहे. म्हणजे साखरेच्या अडीच अब्जाव्या हिश्शाएवढं. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन मात्र ४० मिलिग्रॅमच्या आसपास, टाऊच्या शंभर अब्ज पट. अखंड टाऊच्या वजनानं हिशोब केला तर १० मायक्रोलिटरच्या थेंबात आपल्याला हवे असलेले रेणू सुमारे पन्नास हजार भरतात. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा विद्युत-रसायनाच्या दृष्टीनं नगण्य आहे.

दुसरी अडचण सहसा कोणी सांगत नाही. साखरेच्या पट्टीत विकर (एन्झाइम) असतं. लेलँड क्लार्क यांनी १९६२मध्ये मांडलेली ही कल्पना आजही तशीच चालते: विकराचा एक रेणू साखरेच्या असंख्य रेणूंवर एकामागून एक काम करत राहतो आणि प्रवाह आपोआप वाढतो. टाऊवर असं काम करणारं विकर आपल्याकडे नाही. अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन, टाऊला धरते आणि धरून बसते. संकेत मोठा करायचं काम बाहेरून करावं लागतं, आणि नॅनोकण लागतात ते तिथेच.

नॅनोकणांची कामं तीन. पहिलं, गोळा करणं. अँटिबॉडी लावलेले चुंबकीय कण प्लाझ्मात फिरवले की ते टाऊ पकडतात. नळीबाहेर चुंबक धरला की कण भिंतीला जमतात आणि बाकीचा चोथा धुऊन टाकता येतो. दुसरं, जागा वाढवणं. सपाट इलेक्ट्रोडवर सोन्याचे कण किंवा कार्बन नलिका बसवल्या की अँटिबॉडीला बसायला जास्त पृष्ठभाग मिळतो. तिसरं, खूण म्हणून चिकटणं. २० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू असतात. पकडलेल्या एका टाऊवर असा एक कण बसवला आणि नंतर ते सोनं विरघळवून इलेक्ट्रोडवर मोजलं, तर एका रेणूमागे अडीच लाख अणूंचा संकेत हाती येतो.

या तिघांत सगळ्यात दमदार काम पहिलं आहे. शोधनिबंधांत झळकतं तिसरं, पण रक्ताच्या नमुन्यात सेन्सर टिकतो की नाही हे बहुतेक वेळा गोळा करण्यावर आणि धुण्यावर ठरतं.

प्रश्न : मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी सोन्याचे नॅनोकण बनवले. रंग छान लाल आला. पण अँटिबॉडी टाकली की द्रावण जांभळं, मग निळं होतं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ. तीनदा झालं. काय चुकतंय?

कण एकमेकांना चिकटताहेत. १५-२० नॅनोमीटरचे सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते लाल दिसतात. जवळ आले की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि रंग निळा होतो. सायट्रेटच्या ऋण भारामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. हा भार कशानं तरी झाकला गेला की संपलं. तुमच्याकडे तो बहुधा अँटिबॉडीच्या बाटलीतल्या मिठानं झाकला जातोय.

मुळापासून पाहू. काचेची भांडी आम्लराजानं (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं) धुऊन, शुद्ध पाण्यानं भरपूर खंगाळून घ्यावीत. आम्लराज फ्यूम हूडखालीच (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालून. १०० मिलिलिटर ०.०१ टक्का क्लोरोऑरिक आम्ल खळखळून उकळू द्या आणि ढवळत असताना १ टक्का सोडियम सायट्रेट एकदम टाका. २ मिलिलिटर टाकलं तर कण १६ नॅनोमीटरच्या आसपास होतात, १ मिलिलिटर टाकलं तर ४० च्या आसपास. सायट्रेट कमी, तर कण मोठे. फिकट पिवळा रंग आधी जातो, मग करडा-काळसर होतो आणि शेवटी दारूसारखा लाल. लाल झाल्यावर आणखी १०-१५ मिनिटं उकळू द्या. सायट्रेट थेंबाथेंबानं टाकलं की सगळे कण एका मापाचे होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आता अँटिबॉडी. बाजारातून आलेली अँटिबॉडी बहुतेक वेळा फॉस्फेट-सलाईनमध्ये असते, कधी ट्रिस किंवा ग्लायसिनमध्ये, आणि टिकावी म्हणून कधीकधी त्यात अल्ब्युमिनही घातलेलं असतं. मिठानं कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. अल्ब्युमिन असेल तर ते तुमच्या अँटिबॉडीच्या आधी कणावर जागा पटकावतं, रंग लालच राहतो आणि सेन्सर मात्र काही पकडत नाही. ही चूक निळ्या रंगापेक्षा वाईट, कारण ती दिसत नाही. म्हणून अल्ब्युमिनविरहित अँटिबॉडी मागवा आणि ती २ ते ५ मिलिमोलर बोरेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) डायलिसिस करून, म्हणजे पडद्यातून मीठ काढून, घ्या.

सोन्याच्या द्रावणाचा पीएच अँटिबॉडीच्या समविद्युत बिंदूपेक्षा (ज्या पीएचला तिच्यावर एकूण भार नसतो त्यापेक्षा) किंचित वर असावा. बऱ्याच आयजीजींना (नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडींना) ८.५ ते ९ चालतो. ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेटचे थेंब टाकून तो जुळवा. मोजायला कागदी पट्टी वापरा, कारण पीएच मीटरचा इलेक्ट्रोड उघड्या सोन्यात बुडवला तर कण त्याच्या छिद्रात जमतात आणि इलेक्ट्रोड बिघडतो.

किती अँटिबॉडी लागेल हे अंदाजानं ठरवू नका. मिठाची चाचणी करा. दहा छोट्या नळ्या घ्या आणि प्रत्येकीत २५० मायक्रोलिटर सोन्याचं द्रावण. पहिलीत अँटिबॉडी नाही, पुढे वाढवत वाढवत शेवटच्या नळीत मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम. दहा मिनिटांनी प्रत्येकीत २५ मायक्रोलिटर १० टक्के मीठ टाका. नळ्या पांढऱ्या कागदासमोर ओळीनं धरल्या की एका बाजूनं निळा, मधे जांभळा, पुढे लाल असा पट्टा दिसतो. ज्या नळीत पहिल्यांदा रंग पूर्ण लाल टिकला ती मात्रा घ्या आणि तिच्यावर १०-२० टक्के जास्त धरा.

अँटिबॉडी बसल्यावर उरलेली जागा भरायला अल्ब्युमिन १ टक्क्यापर्यंत टाका, अर्धा तास ठेवा आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा: १६ नॅनोमीटरच्या कणांना १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट), ३० मिनिटं, ४ अंशांवर, ४० नॅनोमीटरला ६,००० जी, १५ मिनिटं पुरतात. तळाशी गडद लाल, तेलासारखा घरंगळणारा थर दिसला तर काम झालं. भिंतीला घट्ट चिकटलेला काळा ठिपका दिसला तर तो कितीही हलवला तरी पुन्हा मोकळा होत नाही. ती नळी टाकून द्या.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे. ग्राफिनचा ट्रान्झिस्टर करून त्यावर टाऊची अँटिबॉडी बसवली. पातळ बफरमध्ये सुरेख प्रतिसाद मिळतो, प्लाझ्मा टाकला की काहीच नाही. ग्राफिन खराब होतं का?

ग्राफिन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, ठीक असावं. आड येतंय ते मीठ. ट्रान्झिस्टर पृष्ठभागाजवळचा भार ओळखतो, पण खारट द्रावणातले आयन त्या भाराला लगेच वेढून झाकतात. हा झाकण्याचा पल्ला म्हणजे डिबाय लांबी. रक्ताच्या खारटपणाला, म्हणजे १५० मिलिमोलरला, तो जेमतेम ०.८ नॅनोमीटर भरतो. अँटिबॉडी उभी असली तर १० ते १५ नॅनोमीटर उंच. टाऊ तिच्या टोकाशी पकडला जातो. तिथला भार ग्राफिनला दिसणार कसा?

दहापट पातळ केलं तर पल्ला २.५ नॅनोमीटर होतो, शंभरपट केलं तर ८ च्या आसपास. पण नमुनाच शंभरपट पातळ केला तर आधीच दुर्मिळ असलेला टाऊ शंभरपट कमी होतो. शिवाय मीठ फार कमी झालं की अँटिबॉडीची पकड बिघडते आणि भलतीच प्रथिनं भाराच्या ओढीनं पृष्ठभागावर येऊन बसतात. त्यामुळे पकडणं आणि मोजणं वेगळं करा: प्लाझ्मा आहे तसा टाकून २०-३० मिनिटं ठेवा, नीट धुवा आणि वाचन पातळ बफरमध्ये घ्या. पकडलेला टाऊ तेवढ्यात सुटत नाही.

दुसरा उपाय उंची कमी करण्याचा. अख्ख्या अँटिबॉडीऐवजी तिचा फक्त पकडणारा तुकडा, म्हणजे फॅब, बसवला की उंची जवळपास निम्मी होते. अॅप्टामर, म्हणजे हव्या त्या रेणूला धरणारा डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा, त्याहून बुटका असतो. तो टाऊ धरताना घडी बदलतो आणि स्वतःचा ऋण भार ग्राफिनच्या जवळ आणतो, हा वरचा फायदा.

अँटिबॉडी आणि ग्राफिन यांची जोडणी पायरिनच्या एस्टरनं (दोन्हींना धरणाऱ्या दुव्यानं) करत असाल तर द्रावक कोरडा आहे ना ते पाहा. मिथेनॉल किंवा डीएमएफ दमट झालं असेल तर एस्टर पाण्यानंच मोडतो, अँटिबॉडी बसतच नाही, आणि थोडाफार दिसणारा प्रतिसाद नुसत्या चिकटलेल्या प्रथिनाचा असतो. उरलेले एस्टर १०० मिलिमोलर इथेनॉलअमिननं बंद करा.

प्रत्येक चिपवर दुसरी वाहिनी हवीच. तिच्यावर त्याच प्राण्याची, पण टाऊशी संबंध नसलेली आयजीजी बसवा आणि दोन्हींवर एकाच वेळी एकच प्लाझ्मा टाका. दोन्ही सारख्याच सरकल्या तर तुम्ही टाऊ मोजत नाही आहात. बफर टाकल्यावर आधाररेषा स्थिर व्हायला अर्धा तास द्या, गेटमधून गळणारा प्रवाह नोंदवा आणि संदर्भासाठी साधी तार न वापरता सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड घ्या. बरीचशी "सुंदर" वाचनं म्हणजे नुसती सरकणारी आधाररेषा असते.

प्रश्न : पार्किन्सनसाठी न्यूरोफिलामेंटची रक्ततपासणी पुरते का?

नाही. न्यूरोफिलामेंट लाईट हे चेतापेशींच्या लांब तंतूंचा सांगाडा. तंतू तुटला की ते रक्तात येतं, मग तो कशानंही तुटलेला असो: एएलएस, मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात, डोक्याला मार, हातापायांच्या नसांचे विकार. वयानुसारही ते वाढतं. कंपवातासारखी लक्षणं दिसणाऱ्या काही वेगळ्या आजारांत, उदाहरणार्थ मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफीत, ते खऱ्या पार्किन्सनपेक्षा जास्त असतं. त्यामुळे डॉक्टरांना हे दोन वेगळे करायला त्याची मदत होते.

प्रश्न : रक्त घेण्याची पद्धत इतकी महत्त्वाची आहे का? आमच्याकडे नमुने सकाळी घेतात, दुपारी फिरवतात आणि हाताशी असेल त्या नळीत ठेवतात.

हो, आणि अनेक सेन्सर इथेच फसतात. सेन्सर बनवणारे खूप आणि नमुन्याची काळजी घेणारे थोडे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) घ्या, जांभळ्या झाकणाची, आणि खुणेपर्यंत भरा. ईडीटीए, हेपारिन आणि सायट्रेट यांतून एकाच माणसाचे आकडे वेगवेगळे येतात. सायट्रेटच्या नळीत तर रक्त पातळच होतं. रक्त गोठू देऊन काढलेल्या सीरममध्ये टाऊ आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रथिन) दोन्ही कमी दिसतात. अभ्यासाच्या मध्यावर नळी बदलली तर आधीचे आकडे पुढच्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा. नळी भरल्यावर ८-१० वेळा हळुवार उलटसुलट करा, झटकू नका. एक तासात, फार तर दोन तासांत २,००० जीवर १० मिनिटं फिरवा. खोलीच्या तापमानाला ताटकळलेल्या रक्तात अमायलॉइड घसरत जातं. पी-टाऊ २१७ त्या मानानं काटक आहे, पण एका नळीतून दोन्ही मोजायचं असेल तर अमायलॉइडच्या वेळेनं चाला.

प्लाझ्मा काढताना पेशींच्या थरापासून अर्धा सेंटिमीटर वर थांबा. पिपेटचं टोक थराला लागलं की ढगासारखा लाल धागा वर येतो. असं झालं तर तो नमुना पुन्हा फिरवा. मग २५० ते ५०० मायक्रोलिटरचे भाग पॉलिप्रॉपिलीनच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. काच किंवा पॉलिस्टायरीन नको, कारण अमायलॉइड बीटा ४२ त्या भिंतींना चिकटतं आणि सेन्सरपर्यंत पोचतच नाही. एक भाग एकदाच वितळवायचा. वितळल्यावर हलवून, १०,००० जीवर पाच मिनिटं फिरवून वरचा भाग घ्या, नाहीतर फायब्रिनचे गोळे सेन्सरच्या बारीक वाहिनीत अडकतात.

पार्किन्सनसाठी अल्फा-सायन्युक्लीन (त्या आजारात चेतापेशींत साचणारं प्रथिन) मोजत असाल तर आणखी एक गोष्ट. रक्तातल्या एकूण अल्फा-सायन्युक्लीनपैकी ९९ टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशींत असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातला आकडा उसळतो आणि तो मेंदूबद्दल काहीच सांगत नाही. प्लाझ्मा पेंढ्यासारखा पिवळा असायला हवा. गुलाबी झाक दिसली तर नमुना वापरू नका. डोळ्यावर विसंबूही नका: ४१४ नॅनोमीटरला हिमोग्लोबिनचं शोषण मोजा, मर्यादा आधीच ठरवा आणि ती ओलांडणारा नमुना वगळा.

प्रश्न : शोधनिबंधात "फेम्टोमोलर संवेदनशीलता" लिहिलेलं असतं. ते खरं मानायचं का?

आधी ते एकक ओळखीचं करून घ्या. अखंड टाऊ सुमारे ४६ हजार डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), म्हणजे त्याचं १ फेम्टोमोलर म्हणजे मिलिलिटरला ०.०४६ पिकोग्रॅम. अमायलॉइड बीटा ४२ साडेचार हजार डाल्टनचं, त्याचं १ फेम्टोमोलर म्हणजे ०.००४५ पिकोग्रॅम. कागदावर हे रक्तातल्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे दावा पुरेसा वाटतो. पण तो आकडा कशात मोजला ते वाचा. स्वच्छ बफरमध्ये मोजला असेल तर रक्ताविषयी त्यातून फारसं कळत नाही.

ओळखण्याची मर्यादा सहसा कोऱ्या नमुन्याच्या विचलनाच्या तिपटीवर काढतात. कोरा नमुना बफरचा असेल तर विचलन छोटं, मर्यादाही छोटी. प्लाझ्माचा कोरा नमुना घेतला की हाच आकडा शंभर पट वर सरकू शकतो, कारण अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन आणि आयजीजी पृष्ठभागावर बसतातच. फेरी-फेरोसायनाइड (इलेक्ट्रोडशी सहज इलेक्ट्रॉनची देवघेव करणारी रसायनं) वापरून विद्युत विरोध मोजणाऱ्या सेन्सरमध्ये तर हे हमखास होतं. पृष्ठभागावर काहीही बसलं तरी विरोध वाढतो, मग तो टाऊ असो की अल्ब्युमिन.

प्लाझ्मात ज्ञात मात्रा मिसळून ती परत किती मिळाली ते दिलंय का, बघा. ८० ते १२० टक्के मिळत असेल तर ठीक. प्लाझ्मा दोनपट, चौपट, आठपट पातळ केल्यावर उत्तर त्याच प्रमाणात उतरतं का? वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवर एकच नमुना मोजला तर फरक किती पडतो? एकाच इलेक्ट्रोडवर पाच वेळा घेतलेलं वाचन म्हणजे पुनरावृत्ती नव्हे.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. अल्झायमरमध्ये मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातलं अमायलॉइड बीटा ४२ जवळपास निम्म्यावर येतं, पण प्लाझ्मात ते, किंवा त्याचं बीटा ४०शी गुणोत्तर, जेमतेम १०-१५ टक्क्यांनी घटतं. सेन्सरचाच फरक १५ टक्के असेल तर आजारी आणि निरोगी यांच्यातली दरी त्यातच बुडते. पी-टाऊ २१७ मात्र दुप्पट-तिप्पट वाढतो, तिथे तोच सेन्सर चालून जातो. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पी-टाऊ २१७ निवडावा, असं आमचं मत. तो मोजायला कठीण आहे, पण मोजला तर काही तरी सांगतो.

अमायलॉइडच्याच बाबतीत प्रमाणित द्रावणाचा एक सापळा आहे. बाटलीतली पूड सरळ बफरमध्ये टाकली की बीटा ४२ स्वतःच गुठळ्या करतं. मग अँटिबॉडीला सुटे रेणू कमी मिळतात आणि अंशांकनाची रेषा वाकडी येते. पूड आधी एचएफआयपी या चटकन उडणाऱ्या द्रावकात विरघळवा, फ्यूम हूडखाली तो पूर्ण उडू द्या, पातळ पापुद्रा उणे ८० अंशांवर ठेवा. वापराच्या दिवशी तो १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून, लगेच थंड बफरमध्ये पातळ करा आणि त्याच दिवशी संपवा. काल उरलेलं प्रमाणित द्रावण आज वापरायचं नाही.

प्रश्न : आईचं वय ७२. गेलं वर्षभर तेच तेच विचारते, गॅस बंद करायला विसरते. रक्ताची तपासणी करून घ्यावी का? मला स्वतःलाही करून घ्यावीशी वाटते.

आईच्या बाबतीत आधी डॉक्टरांकडे जा, तपासणी नंतर. बी १२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यांतल्या कशानंही विस्मरण दिसू शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. त्या पाहून झाल्यावर, स्मृतीच्या चाचण्यांतही घट दिसली, तर रक्ततपासणीला अर्थ येतो.

मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं अल्झायमरच्या निदानासाठी पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली. ल्युमिपल्स नावाच्या यंत्रावरची ही तपासणी पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं गुणोत्तर काढते आणि ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी आहे. ४९९ जणांच्या नमुन्यांवर तिचे होकारी निकाल सुमारे ९२ टक्के वेळा आणि नकारी निकाल ९७ टक्के वेळा मेंदूच्या स्कॅनशी किंवा पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीशी जुळले. जवळपास पाचांपैकी एकाचा निकाल मधल्या पट्ट्यात अडकला. आईचा निकाल तसा आला तर तो होकार नाही आणि नकारही नाही, पुढची तपासणी लागेल. ऑक्टोबर २०२५मध्ये पी-टाऊ १८१ मोजणाऱ्या आणखी एका तपासणीला, अल्झायमरची शक्यता बाजूला काढण्यासाठी, मान्यता मिळाली. दोन्ही मोठ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर होतात, हातात धरायच्या पट्टीवर नाही.

डॉक्टरांना आईच्या मूत्रपिंडाबद्दल आवर्जून सांगा. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर पी-टाऊ आणि न्यूरोफिलामेंट दोन्ही वाढलेले दिसतात. वजन फार जास्त असेल तर उलट कमी दिसू शकतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही तपासण्यांत बायोटिन ढवळाढवळ करतं.

तुमचं स्वतःचं. लक्षणं नसताना ही तपासणी करू नका, असं स्पष्ट सांगतो. कारण गणितात आहे. समजा तपासणी ९० टक्के आजारी बरोबर ओळखते आणि ९० टक्के निरोगीही बरोबर ओळखते. स्मृतीच्या दवाखान्यात आलेल्या १,००० जणांत ५०० खरोखर आजारी असतील तर होकारी निकाल ५०० येतात आणि त्यांतले ४५० खरे ठरतात. आता लक्षणं नसलेले १,००० घ्या आणि त्यांत आजारी ५० धरा. होकारी येतील १४०, त्यांतले खरे फक्त ४५. बाकी ९५ जण काही कारण नसताना घाबरून जगतील. तीच तपासणी, तीच अचूकता, माणसं वेगळी.

प्रश्न : आम्ही छापील इलेक्ट्रोडच्या पट्ट्या बनवतो. ताज्या पट्टीवर उत्तम वाचन येतं, महिन्यानं निम्मं. त्या टिकवायच्या कशा?

दोन गोष्टी बिघडत असणार. अँटिबॉडी सुकताना घडी सोडते, आणि सोन्यावरचा थायॉलचा (गंधकाच्या टोकानं सोन्याला चिकटणाऱ्या रेणूंचा) थर हवेनं आणि उजेडानं हळूहळू ऑक्सिडाइज होतो. पहिल्यासाठी शेवटच्या धुण्यानंतर पट्टीवर ५ टक्के ट्रेहॅलोज (एक प्रकारची साखर) आणि १ टक्का अल्ब्युमिन असलेलं द्रावण टाका, दोन मिनिटांनी झटका आणि खोलीच्या तापमानाला मंद हवेत सुकवा. ओव्हनमध्ये नको. दुसऱ्यासाठी अॅल्युमिनियमच्या पाकिटात सिलिका जेलसह, नायट्रोजन भरून सील करा आणि ४ अंशांवर ठेवा. पाकीट फ्रीजबाहेर काढल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या. थंड पट्टी लगेच उघडली तर हवेतला दमटपणा तिच्यावर जमतो आणि संदर्भाच्या इलेक्ट्रोडचा विभव सरकतो.

घट नेमकी कुठे होते ते कळायला पट्ट्यांचा एकच घाणा घ्या आणि एकाच प्लाझ्माचे उणे ८० अंशांवर ठेवलेले छोटे भाग. दर आठवड्याला पाच पट्ट्यांवर दोन वाचनं घ्या: आधी नुसत्या फेरी-फेरोसायनाइडचं, मग प्लाझ्माचं. पहिलं वाचन सरकलं तर सोन्याचा थर किंवा संदर्भ इलेक्ट्रोड गेला. पहिलं जागेवर राहून दुसरं उतरलं तर अँटिबॉडी गेली. ज्या आठवड्यात प्लाझ्माचं वाचन पहिल्या दिवसाच्या ८० टक्क्यांखाली येईल, त्याच्या आदल्या आठवड्याची तारीख पाकिटावर छापा.